केनियातील तरुणांवरचे संशोधन सोलापूरच्या काय उपयोगाचे?

मूळ पोस्ट (बाळीवेस): परवा आपल्याकडे इतिहासाच्या एका प्राध्यापकांचे व्याख्यान झाले. पदवी परदेशातली, प्रबंध केनियातील तरुण आणि वसाहतींचा अंत यावर. ज्या गावाने १९३० साली मार्शल लॉ सोसला, चार हुतात्मे दिले, त्याला नैरोबीचे धडे कशासाठी?

निवृत्त शिक्षक, सात रस्ता: आपण व्याख्यान ऐकलेले दिसत नाही. इंग्रजांविरुद्धच्या माऊ माऊ बंडामुळे केनियात लागलेल्या १९५२ च्या आणीबाणीनंतर पकडलेल्या मुलांसाठी इंग्रज सरकारने वामुमू येथे छावणी उघडली आणि कामधंदा, कवायत, स्काउटिंग शिकवून त्यांना आज्ञाधारक करण्याचा घाट घातला. स्वतंत्र केनियाने १९६४ साली राष्ट्रीय युवा सेवा काढली, तेव्हाही तरुणांना शिस्त लावण्याचा सोस सुटला नाही. राज्यकर्ते बदलले, नजर बदलली का, हा प्रश्न आपल्यालाही लागू आहे.

जुळे सोलापूर: माझा आक्षेप विषयाला नाही. मी नेट उत्तीर्ण असून वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर शिकवते, मानधन महिनोन्‌महिने रखडते. माझे काम मार्शल लॉवरचे, याच मातीतले. तरी बोलावणे जाते ते परदेशी शिक्का असलेल्यांना. ही गुलामी नव्हे काय?

सेटलमेंट: ताई, आपले म्हणणे रास्त आहे, पण राग प्राध्यापकांवर का? माझे आजोबा इथल्या सेटलमेंटमध्ये, म्हणजे इंग्रजांनी जन्मतःच गुन्हेगार ठरवलेल्या जमातींच्या वसाहतीत, तारेच्या कुंपणाआड वाढले. गिरणीतली पाळी सुटली की फाटकावर हजेरी, बाहेरगावी जायचे तर पास. गुन्हेगार जमाती कायदा १९५२ साली रद्द झाला. १९५९ साली मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा केला, आणि कुठेही चोरी झाली की पोलीस आमच्याच वस्तीत येत राहिले. वामुमूबद्दल ऐकताना मला आजोबांची ती हजेरी आठवत होती.

मूळ पोस्टकर्ता: हुतात्म्यांच्या बलिदानात सेटलमेंटची सरमिसळ करू नका. त्या चौघांपैकी कुर्बान हुसेन १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फासावर गेले, तेव्हा ऐन विशीत होते. तरुणांचा इतिहास हवा असेल, तर तो हा आहे.

सेटलमेंट: सरमिसळ कसली? कुर्बान हुसेन ज्या गिरणी कामगारांसाठी लढले, त्यांच्यात आमचीही माणसे राबत होती. हुतात्म्यांना आम्हीही हार घालतो. आमचा उल्लेख झाला की मात्र तुम्हाला विटाळ होतो. हे खपवून घेणार नाही.

मूळ पोस्टकर्ता: शब्द जपून वापरा. सेटलमेंटमधील मुलांवर कोणी संशोधन करणार असेल, तर माझा विरोध नाही, एवढे मान्य करतो. त्यासाठी केनिया गाठण्याची गरज होती, हे मात्र अजूनही पटलेले नाही.

जुळे सोलापूर: मग ते काम इथल्या अभ्यासकांना द्या, मानधन वेळेवर द्या, आणि लवकर सुरू करा, कुंपणाआड बालपण गेलेले लोक आता ऐंशीच्या घरात आहेत.