मदत हवी आहे: फॉरमॅट झालेलं मेमरी कार्ड आणि बाबांच्या कॅसेटी

नमस्कार मंडळी,

मी ठाण्याला नौपाड्यात राहतो, नोकरी वाशीला. ट्रान्स-हार्बरच्या गाडीत कित्येक वर्षं कानाला एक छोटा म्युझिक प्लेअर असायचा, त्यात 128 जीबीचं मायक्रो एसडी कार्ड. मागच्या महिन्यात प्लेअर ते कार्ड वाचेना, म्हणून लॅपटॉपला लावलं. फॉरमॅट करायचं का, असं स्क्रीनवर आलं आणि ऑफिसला निघायच्या घाईत मी 'हो' दाबलं. दुसरी प्रत कुठेच नाही. जुना कॉम्प्युटर भंगारात देताना 'सगळं प्लेअरवर आहेच' याच भरवशावर होतो.

सीडीवरून घेतलेली गाणी पुन्हा जमवता येतील. जीव अडकलाय तो बाबांच्या रेकॉर्डिंगमध्ये. बाबा टू-इन-वनवर रेडिओ टेप करायचे. 'आपली आवड', रात्रीच्या मैफली आणि नाट्यसंगीत तर हमखास. पं. राम मराठे ठाण्याचे, त्यामुळे त्यांचं पद लागलं की घरात कुणी बोलायचं नाही. टेप सुरू करताना बाबा आधी स्वतःच्या आवाजात तारीख आणि गायकाचं नाव सांगायचे. मागे कुकरची शिट्टी, आईची हाक. 2011 मध्ये मी अशा 60 कॅसेटी ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमधून कॉम्प्युटरवर उतरवल्या. आता बाबा नाहीत, आणि इमारत पुनर्विकासाला गेली तेव्हा बुरशी लागलेल्या बहुतेक कॅसेटी आम्ही टाकून दिल्या.

आतापर्यंत काय केलं ते सांगतो. कार्डावर त्यानंतर काहीही लिहिलेलं नाही. आधी कार्डाची इमेज, म्हणजे एका फाइलमध्ये हुबेहूब प्रत, काढली आणि तिच्यावरच फोटोरेक हे गेलेल्या फायली शोधणारं सॉफ्टवेअर चालवलं. क्विक फॉरमॅटमध्ये फक्त फायलींची यादी पुसली जाते, मूळ डेटा बराचसा जागेवर राहतो, त्यामुळे सुमारे 2,300 फायली मिळाल्या. नावं मात्र सगळी गेली, नुसते आकडे. सीडीवरच्या गाण्यांना आवाजाच्या ठशावरून गाणं ओळखणाऱ्या म्युझिकब्रेन्झ पिकार्डने बऱ्यापैकी ओळखलं. घरच्या रेकॉर्डिंगचा ठसा कुठल्याच डेटाबेसमध्ये असणार नाही, तिथे बाबांची वही कामी आली. कॅसेट क्रमांक, अ बाजू, ब बाजू, पदांचा क्रम, सगळं त्यांच्या बारीक अक्षरात. वही समोर ठेवून आणि बाबांनी सांगितलेल्या तारखा ऐकत 37 कॅसेटी ओळखल्या.

अडचण आहे ती लांब फायलींची. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू 45 मिनिटांची, 192 केबीपीएस बिटरेटला (सेकंदाला साठणारा डेटा) साधारण 65 एमबी. इतकी वर्षं कार्डावर गाणी टाकत-काढत गेल्याने अशा फायली तुकड्यातुकड्यांत साठवल्या गेल्या असणार. बाबांचा आवाज येतो, पद सुरू होतं आणि बाराव्या मिनिटाला मध्येच दुसरंच गाणं घुसतं. एमपीथ्रीच्या फ्रेम, म्हणजे आवाजाचे छोटे कप्पे, सुट्या असल्याने तुकडे वाजतात. एमपीथ्री डायरेक्टकट या सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा एन्कोड न करता, म्हणजे दर्जा न घटवता, ते कानाने ऐकून जोडतोय. तीन आठवड्यांत चार कॅसेटी झाल्या. इमेजमधले असे अनाथ तुकडे बिटरेटवरून शोधून देणारं काही साधन कुणी वापरलंय का? 2011 च्या सगळ्या फायली एकाच सेटिंगवर केल्या होत्या, त्याचा उपयोग व्हावा असं वाटतं.

दुसरा प्रश्न उरलेल्या 11 कॅसेटींचा. रिळाच्या कडेला पांढरी बुरशी आहे, म्हणून मी त्या वाजवलेल्याच नाहीत. वाजवल्या तर बुरशी डेकच्या हेडला लागते आणि पुढच्या कॅसेटींतही जाते. स्टेशनजवळ एका दुकानात विचारलं तर 'ठेवून जा, दोन तासांत पेनड्राइव्हवर देतो' म्हणाले. 11 कॅसेटी म्हणजे साडेसोळा तासांचं रेकॉर्डिंग, ते दोन तासांत नीट कसं उतरेल? मी परत घेऊन आलो. कॅसेट उघडून टेप स्वच्छ करणारं, प्रत्येक कॅसेटसाठी हेडचा ॲझिमथ (टेपशी असलेला कोन) कानाने जुळवणारं आणि पूर्ण वेगाने बसून ऐकणारं कुणी ठाणे-नवी मुंबईत माहीत आहे का? वेळ आणि पैसे लागतील ते लागू देत.

या वेळी तीन प्रती ठेवतोय: एक लॅपटॉपवर, एक बाहेरच्या हार्डडिस्कवर आणि एक पुण्याला बहिणीकडे.

कॅसेटी कुरियरने पाठवायचा धीर होत नाही. पनवेलपर्यंत कुठेही असलात तरी मी स्वतः घेऊन येईन. वहीही सोबत आणेन, म्हणजे कुठल्या बाजूला काय आहे ते कळेल.