नऊ वर्षांच्या लॅब्रॅडॉरसाठी नाशिकमध्ये नवे घर कसे शोधावे?

प्रश्न (इंदिरानगर)
वडील गेल्यानंतर आई माझ्याकडे पुण्याला राहायला येत आहे. परंतु माझ्या भाड्याच्या सदनिकेत कुत्रा चालणार नाही, असे सोसायटीच्या सचिवांनी कळवले आहे. आमची राणी नऊ वर्षांची आहे. तिची नसबंदी झालेली असून लसी वेळच्या वेळी दिलेल्या आहेत, मात्र मागच्या पायांत संधिवात असल्याने गुळगुळीत फरशीवरून उठताना तिचे पाय फाकतात आणि कोणी हात देईपर्यंत ती तशीच बघत राहते. या वयाची कुत्री कोणी घेते का? की तिला प्राणी बचाव संस्थेच्या निवाऱ्यात सोडावे?

उत्तर (गंगापूर रोड)
घेतात, पण थांबावे लागते. संस्थेची मदत घरभेटीसाठी आणि दत्तक करारासाठी अवश्य घ्यावी. निवाऱ्यात मात्र शक्यतो ठेवू नये, कारण तेथे रस्त्यावरील जखमी कुत्र्यांची सतत ये-जा असते, त्या गोंगाटात घरात वाढलेले वयस्क जनावर अन्न सोडते आणि सिमेंटवर झोपून सांधे अधिक आखडतात. घर मिळेपर्यंत ती तुमच्याकडेच राहू द्यावी. जाहिरातीत संधिवात लपवू नये. मूत्रपिंड व यकृत यांच्या रक्ततपासणीचा ताजा अहवाल आणि औषधांचा महिन्याचा खर्च स्पष्ट लिहावा. फोन कमी येतील, पण कामाचे येतील. नुसते ‘मोफत देणे आहे’ असे लिहिल्यास द्राक्षबागेच्या राखणीसाठी कुत्रा शोधणारे आधी फोन करतात आणि लॅब्रॅडॉरसारखे माणसांत रमणारे जनावर शेडला साखळीने बांधले जाते. मखमलाबादच्या बाजूला मी हे दोनदा पाहिले आहे.

उत्तर (सिडको)
आम्ही दहा वर्षांचा कुत्रा दत्तक घेतला, तेव्हा पहिले तीन दिवस तो चपलांच्या कपाटाशी दाराकडे तोंड करून बसून होता. त्याच्या आधीच्या घरच्यांनी न धुतलेली चादर, नेहमीचे खाणे आणि जेवणाच्या वेळा लिहिलेला कागद दिला होता. चौथ्या दिवशी तो त्या चादरीवर झोपला. राणीसाठी तळमजल्यावरचे, शक्यतो निवृत्त माणसांचे घर पाहावे आणि रबरी चटया सोबत द्याव्यात.

उत्तर (पंचवटी)
मला मूळ कारणच पटलेले नाही. भारतीय पशु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. सचिवांकडे तसे लेखी मागावे, म्हणजे बहुधा विषय तिथेच मिटेल.

प्रश्नकर्ता
आपले म्हणणे योग्य आहे; पण भाडेकरारातही तशी अट असल्याचे आज वाचताना लक्षात आले. घरमालकांशी बोलणार आहे. त्यांनी नकार दिल्यास जाहिरात वरीलप्रमाणे, संधिवातासह लिहीन. आणि तोपर्यंत आई नाशिकमध्येच थांबते म्हणाली आहे.