५० मायक्रॉनचे बुडबुडे गणितापेक्षा दुप्पट वेगाने वर का जातात?

प्रश्न — प्रकल्पविद्यार्थिनी
नमस्कार. सांडपाण्यातील तेलकट गाळ हवेच्या सूक्ष्म बुडबुड्यांच्या साहाय्याने पृष्ठभागावर आणण्याच्या पद्धतीवर माझा पदव्युत्तर प्रकल्प चालू आहे. दाबाखाली हवा विरघळवलेले पाणी मी सपाट भिंतींच्या काचपात्रात सोडते. पात्रामागे हॅलोजनचा दिवा आणि पुढे कॅमेरा आहे. चित्रातील एक पिक्सेल म्हणजे २ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). बुडबुड्यांचा व्यास सरासरी ५० मायक्रॉन भरतो. द्रवात चढणाऱ्या किंवा बुडणाऱ्या बारीक गोळ्याचा वेग देणाऱ्या स्टोक्सच्या सूत्राप्रमाणे त्यांचा वेग सेकंदाला सुमारे १.४ मिलिमीटर असायला हवा, परंतु लागोपाठच्या दोन चित्रांतील अंतरावरून तो ३.१ येतो. माझा व्यास चुकतो आहे की वेग?

उत्तर — काचपात्र
आधी व्यास पाहू. मागून उजेड दिलेला बुडबुडा काळ्या कड्यासारखा दिसतो आणि त्याच्या मध्यभागी उजळ ठिपका असतो. पाण्याचा अपवर्तनांक १.३३ असल्यामुळे केंद्रापासून त्रिज्येच्या ७५ टक्क्यांपलीकडे पडणारे किरण बुडबुड्यात शिरतच नाहीत, ते पूर्ण परावर्तित होऊन बाजूला निघून जातात. आतले किरणही फाकतात, म्हणून फक्त मधला भाग उजळ राहतो. आपली आज्ञावली तो ठिपका वगळून काळ्या भागाचेच क्षेत्रफळ मोजत असेल, तर व्यास कमी भरेल. धुळीचा कण मात्र मध्यभागीही काळाच असतो, त्यामुळे दोहोंत फरक करता येतो.

तरीही सगळा दोष कडेवर ढकलता येणार नाही. दोन्ही कडांना एकेक पिक्सेल चुकला, तर व्यासात ४ मायक्रॉनची, म्हणजे ८ टक्क्यांची चूक होते, आणि वेग व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे त्यात सुमारे १६ टक्क्यांची. आपला वेग खरा मानला, तर व्यास ७५ मायक्रॉन निघतो. एवढा फरक नुसत्या कडेने पडत नाही.

उत्तर — संथ_प्रवाह
सूत्रातील गृहीतकेही तपासावीत. १.४ हा आकडा २० अंश तापमानाचा आहे. आपल्याकडे एप्रिलमध्ये नळाचे पाणी सहज ३० अंशांवर असते. तेव्हा श्यानता, म्हणजे पाण्याचा वाहण्याला होणारा अंतर्गत विरोध, घटते आणि तोच बुडबुडा १.७ मिलिमीटर वेगाने चढतो. अतिशुद्ध पाण्यात बुडबुड्याचा पृष्ठभाग मोकळा असल्याने वेग दीडपट होऊ शकतो, पण सांडपाण्यात ती शक्यता सोडूनच द्यावी. तिथे पृष्ठभागावर मळाचा थर बसतो आणि बुडबुडा घन गोळ्यासारखा वागतो.

माझा संशय पाण्यावरच आहे. दाट थवा वर जाताना सोबत पाणीही ओढतो, आणि हॅलोजनच्या उष्णतेने मागच्या काचेलगतचे पाणी चढू लागते. आपण बुडबुड्याचा पाण्यातील वेग न मोजता पात्राच्या सापेक्ष वेग मोजत आहात. पाण्याइतक्याच घनतेचे बारीक कण टाकून पाहा; तेही वर सरकत असतील, तर तेवढा वेग वजा करावा लागेल.

प्रश्नकर्तीचे उत्तर
आपला संशय खरा ठरला. कण सेकंदाला सुमारे १.४ मिलिमीटरने वर जात होते. दिवा काढून स्पंदन देणारा एलईडी बसवला आणि बुडबुड्यांचे पाणी अगदी थोडे सोडले. आता पाणी २९ अंशांवर असताना बुडबुड्यांचा वेग १.६ आणि १.८ यांच्या दरम्यान येतो.

उत्तर — काचपात्र
उत्तम. आता सरासरी व्यासाकडे पुन्हा एकदा पाहावे. मोठा बुडबुडा फोकसच्या प्रतलापासून बराच दूर असला तरी ओळखू येतो, लहान मात्र लगेच धूसर होतो. त्यामुळे मोजणीत मोठ्यांची संख्या नकळत वाढते. त्यासाठी सूक्ष्ममापपट्टी पाण्यात बुडवून थोडी थोडी पुढेमागे सरकवावी आणि प्रत्येक आकारासाठी स्पष्टतेची खोली ठरवावी. पट्टी स्थिर ठेवून कॅमेरा सरकवणार असाल, तर कॅमेरा १ मिलिमीटर हलल्यावर पाण्यातील फोकस १.३३ मिलिमीटर सरकतो, हे विसरू नये. मी विसरलो होतो आणि एक आठवड्याची मोजणी पुन्हा करावी लागली.