नवी गाडी: एकरकमी पैसे की कर्ज? आकड्यांसकट लिहा

शोरूममध्ये बसल्या बसल्या पहिला प्रश्न येतो, "कॅश की लोन?" 'कर्ज वाईटच' किंवा 'पैसा अडकवू नका' एवढ्यावर कुणाचंही भागत नाही. बँक, शोरूम, विमा, आरटीओ, कर या कामांत जे रोज असतात त्यांनी नेमकं काय कुठे अडतं ते लिहावं, ही विनंती.

वाहनकर्ज विभागातून

सगळ्यात जास्त फसवणारा हिशेब आधी घेते. हातात ८ लाख आहेत. ते ७ टक्क्यांनी ५ वर्षं एफडीत ठेवले तर व्याज मिळतं साधारण ३ लाख ३२ हजार. तेवढंच कर्ज ९ टक्क्यांनी घेतलं तर हप्ता १६,६०७ आणि एकूण व्याज १ लाख ९६ हजार. म्हणजे कर्ज घेऊन १ लाख ३६ हजारांचा फायदा, असं कागदावर दिसतं. अनेक जण इथेच सही करतात.

चूक अशी, की हप्त्याचे १६,६०७ दर महिन्याला पगारातून जातात, ते कुणी धरतच नाही. एकरकमी गाडी घेणाऱ्याकडे ते पैसे शिल्लक राहतात. त्याने तेच दरमहा ७ टक्क्यांनी आवर्ती ठेवीत टाकले तर ५ वर्षांनी जवळपास ११ लाख ८८ हजार होतात. कर्जवाल्याची एफडी होते ११ लाख ३२ हजार. एकरकमीवाला सुमारे ५६ हजारांनी पुढे. ठेवीच्या व्याजावर कर धरला तर हे अंतर आणखी वाढतं. एफडीवर करानंतर हातात येणारा दर कर्जाच्या दरापेक्षा कमी आहे, तोवर हे उलटं होणार नाही.

आणि 'फ्लॅट ५ टक्के' (शेवटपर्यंत मूळ पूर्ण रकमेवरच व्याज) ऐकून हुरळू नका. ८ लाखांवर ५ वर्षांचं फ्लॅट व्याज २ लाख, हप्ता १६,६६७. घटत्या शिलकीच्या पद्धतीने (फक्त बाकी रकमेवर व्याज) तो दर ९.१५ टक्क्यांच्या आसपास पडतो. दर तोंडी विचारू नका, 'की फॅक्ट स्टेटमेंट' (कर्जाचा दर, खर्च आणि अटींचं पत्रक) मागा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने १ ऑक्टोबर २०२४ पासून ते द्यावंच लागतं. त्यात 'एपीआर' (सगळा खर्च धरून वर्षाचा दर) हा आकडा प्रोसेसिंग फीसकट असतो, तुलना त्याचीच करा.

शोरूमच्या फायनान्स डेस्कवरून

वरचं गणित बरोबर आहे, पण सूट कुठून येते तेही कळायला हवं. शोरूममधल्या बँकेकडून कर्ज केलं की डीलरला त्या बँकेकडून कमिशन मिळतं. त्यामुळे एकरकमी देणाऱ्याला जास्त सूट मिळेलच असं नाही, कित्येकदा उलट असतं. म्हणून दोन कोटेशनं लेखी घ्या, एक एकरकमीचं आणि एक कर्जाचं. तुमच्या स्वतःच्या बँकेतून कर्ज आणलंत तर ते आमच्यासाठी कॅशच.

काही जण सूट घेऊन लगेच कर्ज फेडायचं म्हणतात. स्थिर दराच्या कर्जावर बहुतेकदा मुदतपूर्व फेडीचं शुल्क असतं. ५ टक्के धरलं तर ८ लाखांवर ४० हजार. सूट २० हजारांची असेल तर कशाला? व्यक्तीने धंद्याखेरीज घेतलेल्या फ्लोटिंग (बदलत्या) दराच्या कर्जावर मात्र बँकेला हे शुल्क लावता येत नाही.

दुचाकीवरचं 'शून्य टक्के' असंच तपासा. १ लाखाची गाडी, १२ हप्ते ८,३३३ चे, पण एकरकमी दिले तर ५ हजार सूट. म्हणजे खरं कर्ज ९५ हजारांचं, दर वर्षाला ९.६ टक्क्यांच्या आसपास. त्यावर १,५०० फाईल चार्ज लागला की १२.६.

करसल्लागार

'कॅश' म्हणजे नोटांची बंडलं नव्हेत, एवढं पक्कं करू. एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोकड घेता येत नाही, १ एप्रिल २०१७ पासून. दंड घेणाऱ्याला, तोही तेवढ्याच रकमेचा, म्हणून शोरूम नाहीच म्हणेल. आरटीजीएस (बँकेतून थेट खात्यावर) करा, तेही कंपनीच्या खात्यावर. सेल्समनच्या यूपीआयवर बुकिंगचेही पैसे नकोत.

१० लाखांवरच्या गाडीवर १ टक्का टीसीएस (विक्रेत्याने किमतीसोबत घेतलेला आयकर) वसूल केला जातो. तो खर्च नाही, विवरणपत्रात परत मागता येतो; पॅन बिलावर बरोबर आहे ना ते पाहा.

गाडी धंद्यासाठी असेल तर हिशेब बदलतो. कर्जाचं व्याज खर्चात जातं आणि १५ टक्के घसारा (गाडीच्या घटत्या किमतीची वजावट) मिळतो. गाडी घेतली त्या वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर त्या वर्षीचा घसारा निम्मा. पगारदाराला यातलं काही नाही.

विमा सर्व्हेअर

सगळ्यात जास्त जीव तुटतो तो 'शंभर टक्के ऑन-रोड' (टॅक्स-विम्यासकट पूर्ण किमतीच्या) कर्जाच्या केसमध्ये. एक्स-शोरूम ९ लाखांच्या पेट्रोल गाडीवर महाराष्ट्रात ११ टक्के रोड टॅक्स, म्हणजे ९९ हजार. त्यात विमा मिळवला की १० लाखांच्या वर. यातला टॅक्स आणि विमा विकताना परत येत नाही.

आता १० लाख कर्ज, ७ वर्षं, ९ टक्के. दोन वर्षांनी बाकी असते ७ लाख ७५ हजार. तिसऱ्या वर्षी आयडीव्हीत (विम्याने धरलेली गाडीची किंमत) ३० टक्के घट, म्हणजे ६ लाख ३० हजार. गाडी पूर्ण गेली तर विम्याचा चेक आधी बँकेला जातो आणि वरचे जवळपास दीड लाख तुमच्या खिशातून. गाडी नाही, हप्ता आहे. टॅक्स आणि विमा स्वतःच्या पैशातून भरा, मुदत ५ वर्षांच्या पुढे नेऊ नका. 'रिटर्न टू इन्व्हॉइस' (गाडी पूर्ण गेली तर बिलाची रक्कम देणारं जादा विमा कवच) घ्यायचं तर कर्जवाल्याने आधी घ्यावं. विमा शोरूममधूनच घ्यायची सक्ती नसते.

आरटीओची कामं करणारे

कर्जाची गाडी असेल तर नोंदणीच्या फॉर्म २० सोबत फॉर्म ३४ जातो आणि आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्र) बँकेचं नाव चढतं. हप्ते संपले म्हणजे ते नाव आपोआप निघतं, हा गैरसमज. बँकेची एनओसी (ना-हरकत दाखला) आणि फॉर्म ३५ च्या दोन प्रती घेऊन 'बोजा उतरवणं' वेगळं करावं लागतं. एनओसीला साधारण ९० दिवसांची मुदत असते, ती गेली की पुन्हा बँकेत हेलपाटे. एनओसी हातात पडताच तिच्यावरच्या चेसिस नंबरचा (गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला) प्रत्येक अंक आरसीशी ताडा. एक अंक चुकला तरी अर्ज परत येतो. विमा पॉलिसीवरूनही बँकेचं नाव काढून घ्या.

पुन्हा वाहनकर्ज विभागातून

पाडवा-दसऱ्याच्या गर्दीत एक गोष्ट हमखास सुटते. पैसे शोरूमला गेले त्या दिवसापासून व्याज सुरू होतं, गाडी मिळाल्यापासून नाही. ८ लाखांवर ९ टक्क्यांनी दिवसाला १९७ रुपये. गाडी २० दिवस लांबली की जवळपास ४ हजार. चेसिस नंबर मिळेपर्यंत आणि गाडी यार्डात जाऊन पाहेपर्यंत रक्कम सोडू नका, असं बँकेला लेखी द्या. उत्पादनाचा महिना तिथेच तपासून घ्या. एकरकमी देणाऱ्यांनीही शेवटचा मोठा भाग त्यानंतरच पाठवावा.