मदत हवी आहे: भिंतीला खिळा न ठोकता मुलांची ४२ चित्रं कशी मांडू?

नमस्कार मंडळी,

मी शाळेत चित्रकला शिकवते. मुलांच्या प्रदर्शनासाठी ४२ कामं निवडली आहेत. बरीचशी जलरंगातली, काही कोळशाची आणि नऊ पेन्सिल रेखाटनं अगदी पोस्टकार्डाएवढी. हॉलच्या भिंतींवर खिळे किंवा टेप चालणार नाही. आठवडाभर शाळा सुटल्यावर प्रयोग करतेय.

आधी खांबापासून खिडकीच्या गजापर्यंत सुतळी बांधून चिमट्यांनी चित्रं लावली. सुतळी मध्ये वीतभर झोळली आणि सकाळपर्यंत जलरंगांचे कागद खालून वळले. मग खोक्यांचे पुठ्ठे नागमोडी घडी घालून उभे केले. हे मला फार आवडलं, कारण प्रत्येक घडीत चित्राला स्वतःचा कोपरा मिळतो. पण पंखा लावला की सगळं डोलतं.

सगळ्यात वाईट वाटलं ते कोळशाच्या चित्राचं. एका मुलीने आजीचे हात काढलेत, शिरा न् शिरा दिसते. कुणाचा हात लागू नये म्हणून ते प्लास्टिकच्या पारदर्शक पाकिटात घातलं, तर सावलीची भुकटी प्लास्टिकलाच चिकटून आली. आणि ती नऊ छोटी रेखाटनं मोठ्या चित्रांशेजारी दिसतच नाहीत. त्या मुलांनी कमी मेहनत घेतलेली नाही. काय करू?

प्रतिसाद १
ताई, कोळशाला प्लास्टिक नकोच. त्यातली स्थिर वीज भुकटी ओढून घेते. जाड कार्डाला खिडकी कापून त्यामागे चित्र बसवा. वर काच घातलीत तरी कार्डाच्या जाडीमुळे ती चित्राला टेकत नाही. त्याआधी फिक्सेटिव्हचे (भुकटी कागदावर धरून ठेवणारा फवारा) दोन-तीन हलके हात मारा, साधारण ३० सेंमी लांबून आणि मोकळ्या हवेत. रंग किंचित गडद होतो, म्हणून टाकाऊ कागदावर करून बघा.

प्रतिसाद २
सुतळीऐवजी बारीक तार ताणून बांधा आणि मध्ये एक आधार द्या. जलरंगाच्या कागदाला खालच्या कडेलाही दोन चिमटे लावा, वजनाने तो सरळ राहतो. पुठ्ठ्यांच्या घड्या जास्त खोल करा आणि तळाशी मागून वाळूच्या पुरचुंड्या ठेवा.

छोटी नऊ चित्रं विखरू नका. एकाच रंगाच्या कार्डावर, सारखं अंतर सोडून, तीन-तीनच्या ओळींत लावा. लांबून ते एकच मोठं काम दिसतं आणि माणूस आपसूक जवळ जातो. मधल्या ओळीचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंमीवर ठेवा. लहान मुलं बघायला येणार असतील तर मात्र खाली घ्या. लावण्याआधी सगळं जमिनीवर मांडून बघा, खूप वेळ वाचतो.

मूळ प्रश्नकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. नऊ चित्रं आज जमिनीवर मांडली. मुलं गुडघ्यांवर बसून एकेक बघत होती. आजीच्या हातांची सावली त्या मुलीने पुन्हा भरली आहे आणि खिडकीही तीच कापणार आहे. फक्त एक सांगा, फिक्सेटिव्हच्या दोन हातांमध्ये किती वेळ सुकू द्यायचं?