दहा चित्रपट, एक बाई: हा गौरव नेमका कुणाचा?

सावनी_पॅरिस

पॅरिसमधल्या सॉर्बन विद्यापीठाला लागून शांपोल्यों नावाची एक अरुंद गल्ली आहे. गल्लीत आणि तिच्या कोपऱ्यावर मिळून तीन थेटरं, आणि तिन्हींत जुने सिनेमे. सहा वर्षांपूर्वी इथे आले तेव्हा अर्धं फ्रेंच मी तिथल्या रांगांमध्ये शिकले. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचून कुणीतरी म्हणणार की हिला जुन्या सिनेमाचं वावडं आहे.

गेला महिनाभर शहराच्या दुसऱ्या टोकाला एका थेटरात ‘अभिजात फ्रेंच सिनेमातल्या स्त्रिया’ अशी मालिका चालू आहे. दहा चित्रपट: ओफ्युल्सचा ‘मादाम द...’ (१९५३), बेकरचा ‘कास्क दॉर’ (१९५२), लुई मालचा ‘आसांसर पूर लेशाफो’ (१९५८), रेनेचा ‘हिरोशिमा मोन आमूर’ (१९५९), क्लूझोचा ‘ला व्हेरिते’ (१९६०), गोदारचा ‘व्हिव्र सा व्ही’ (१९६२), आन्येस वार्दाचा ‘क्लेओ, पाच ते सात’ (१९६२), झाक दमीचे ‘ला बे देझांज’ (१९६३) आणि ‘शेर्बूरच्या छत्र्या’ (१९६४), आणि बुन्युएलचा ‘बेल द जूर’ (१९६७).

दिग्दर्शकांची नावं पुन्हा एकदा वाचा. पोस्टरवर झाडून सगळ्या बायका, आणि दिग्दर्शनात वार्दा सोडून सगळे बुवा. आठ बुवा, नऊ चित्रपट.

ज्या देशात आलिस गी ही गोमों या फिल्म कंपनीच्या मालकाची सेक्रेटरी १८९०च्या दशकातच कॅमेऱ्यामागे उभी राहून गोष्टी सांगायला लागली, तिथे ही गत. यादीत दिग्दर्शिका झेरमेन द्युलाक नाही, जॅकलिन ओद्री नाही. ओद्रीचा ‘ऑलिव्हिया’ १९५१चा आहे, मुलींच्या वसतिशाळेतला, दोन शिक्षिका आणि त्यांच्यावर जीव टाकणाऱ्या विद्यार्थिनी. ‘कास्क दॉर’च्या आदल्या वर्षीचा. तो अभिजात का नाही, हे कुणी मला समजावून सांगेल?

‘मादाम द...’च्या नायिकेला तर आडनावसुद्धा नाही. जिथे उच्चारायची वेळ येते तिथे काहीतरी आड येतं. मला ती या मालिकेचीच खूण वाटली. बाईचा चेहरा घ्यायचा, दागिने घ्यायचे, नाव तेवढं वगळायचं.

जुना_पंखा

सावनीताई, चिडलात ते कळलं, पण फटका भलत्या ठिकाणी बसलाय.

‘आसांसर’ मी पुण्यात फिल्म सोसायटीत पाहिला, १६ एमेमच्या प्रिंटवर, रिळं बदलताना दिवे लावायचे त्या काळी. कथा काय, तर नवऱ्याच्या खुनाचा बेत आणि मारेकरी प्रियकर लिफ्टमध्ये अडकलेला. ती कथा आज मला धड आठवतही नाही. आठवते ती रात्री शाँझेलिझेवरून चालणारी नायिका झान मोरो. छायालेखक आँरी दकाने कॅमेरा बाळाच्या ढकलगाडीत ठेवला होता आणि दुकानांच्या काचांतून येईल तेवढ्याच उजेडात तिला टिपलं. रंगरंगोटी जवळपास नाहीच. डोळ्यांखालची वर्तुळं दिसतायत. लॅबमधल्या माणसांनी म्हणे निर्मात्याकडे तक्रार केली की हा दिग्दर्शक बाईंचा चेहरा खराब करतोय! ती पाच-सात मिनिटं मालची का मोरोची? माझ्या लेखी मोरोची. तिथे दिग्दर्शकाकडे होतं काय? एक रस्ता, एक ट्रॉलीवजा गाडी आणि ती.

गाणं गायकाचं की संगीतकाराचं, असं आपण विचारतो का? लता मंगेशकरांच्या गाण्यांचा कार्यक्रम ठेवला तर ‘पण सगळे संगीतकार पुरुषच’ म्हणून कुणी उठून जात नाही.

तिरकसराव

आठ बुवा नऊ चित्रपट... दमीला दोन दिले आणि ओद्रीला शून्य. दमी म्हणजे वार्दाबाईंचे यजमान ना? म्हणजे एका घरात तीन गेले. फ्रान्समध्येसुद्धा वशिला चालतो, बरं वाटलं वाचून.

कातरकाम

मुंबईत संकलनाचं काम करते, त्यामुळे मला तुमच्या दोघांचंही पटत नाहीये. एकाला दिग्दर्शक दिसतो, दुसऱ्याला चेहरा. मधली माणसं कुणाला दिसतात?

सावनीने दिलेल्या यादीतले संकलक बघा. ‘कास्क दॉर’: मार्गरित रेन्वार. ‘व्हिव्र सा व्ही’: आन्येस गिय्मो. दमीचे दोन्ही: आन-मारी कोत्रे. ‘बेल द जूर’: लुइझेत ओतकर. ‘क्लेओ’: जानीन व्हेर्नो. ‘हिरोशिमा’च्या संकलकांपैकी एक झास्मिन शाने. दहांपैकी सात चित्रपटांच्या टेबलावर बाई बसलेली आहे. गोदारच्या पहिल्या सिनेमाची संकलक सेसिल दकुजी तर अल्जीरियाच्या स्वातंत्र्यलढ्याला मदत केली म्हणून तुरुंगात गेली. तिच्यावरच सिनेमा निघायला हवा.

हे काम बायकांकडे का आलं, तर फिल्म कापणं-चिकटवणं हे शिवणकामाच्या जातीचं मानलं गेलं. बारीक हात लागतो, नजर लागते, आणि नाव खाली छोट्या अक्षरात. आमच्याकडेही अजून प्रीमियरला संकलकाची खुर्ची कुठे असते ते विचारू नका.

आणि ‘मादाम द...’बद्दल एक दुरुस्ती, सावनी. ती मूळ कथा लुईझ द व्हिलमोरँची, म्हणजे बाईचीच. ‘हिरोशिमा’ लिहिला मार्गरित द्युरासने. आडनाव गाळायची कल्पना एका बाईची होती. मग ती खूण कशाची?

सावनी_पॅरिस

व्हिलमोरँचं माहीत नव्हतं. मान्य, तो बाण मागे घेते.

पण कातरकाम, तुमचाच हिशेब माझ्या बाजूने जातो की! सहा बायका संकलनाला होत्या, तुम्ही सांगितलेल्या दोघी लेखनाला होत्या, आणि थेटराने छापलेल्या चार पानी माहितीपत्रकात त्यांतल्या फक्त द्युरासचं नाव आहे, तेही ‘कादंबरीकार’ म्हणून. गौरव करायचाच तर तो तिथे करायला जागा होती.

पंखाकाका, लताबाईंचं उदाहरण गोड आहे पण लागू नाही. लताबाई रॉयल्टीसाठी भांडल्या, रफीसाहेबांशी अबोला धरला, त्यांच्याजवळ नाही म्हणायची ताकद होती. ‘ला व्हेरिते’त नायिका ब्रिजित बार्दोच्या वाट्याला काय आलं? क्लूझो नटनट्यांना छळून काम काढायचा ही त्याची ख्यातीच होती. चित्रपट प्रदर्शित व्हायच्या आधी, सप्टेंबर १९६०मध्ये, आपल्या २६व्या वाढदिवशी तिने जीव द्यायचा प्रयत्न केला. आणि पडद्यावर तिची नायिका कोठडीत हेच करते. मी तो खेळ पाहताना शेजारच्या दोघी कपड्यांबद्दल बोलत होत्या. मला बसवेना.

जुना_पंखा

बार्दोचं खरं आहे, आणि दुःखद आहे. पण ‘ला व्हेरिते’ हा आपला सर्वांत आवडता चित्रपट असं तीच सांगायची. त्याचं काय करायचं? तिला कळत नव्हतं असं म्हणायचं? मग तुम्ही आणि क्लूझो यांत फरक काय उरला!

शिवाय त्या सिनेमात खटला कशावर चाललाय ते बघा. खुनावर कमी, मुलगी किती वाजता उठते, कुणाबरोबर राहते, काय वाचते यावर जास्त. वकील, न्यायाधीश सगळी वयस्क मंडळी, आणि ती पिंजऱ्यात. ही मालिका लावणाऱ्याने तो मुद्दाम निवडला असेल असं तुम्हाला वाटतच नाही का?

विंगेतून

विषय फ्रान्सचा आहे, पण एक आपल्याकडचं आठवलं म्हणून लिहितो. शांता आपटे १९३९मध्ये प्रभातच्या फाटकात उपोषणाला बसल्या होत्या, कराराच्या भांडणात. पुढच्या वर्षी ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तकच लिहिलं. आज ‘कुंकू’ पाहताना आपण शांतारामबापूंचं दिग्दर्शन वाखाणतो, आणि नीरा डोळ्यांसमोरून हलत नाही ती शांताबाईंची. दोन्ही एकदम खरं असू शकतं.

फ्रेंचांकडे याच जातीची एक गोष्ट आहे. अभिनेत्री देल्फिन सेरिगने १९७६मध्ये व्हिडिओ कॅमेरा घेऊन वीसहून अधिक अभिनेत्रींना बोलतं केलं. मारिया श्नायडर आहे, जेन फोंडा आहे. पुरुष असतीस तर अभिनयात आली असतीस का, तुला कसल्या भूमिका मिळतात, दुसऱ्या बाईबरोबर जिव्हाळ्याचा प्रसंग कधी केलास का, असे साधे प्रश्न. शीर्षक: ‘सुंदर राहा आणि गप्प बस’. तो १९८१मध्ये लोकांसमोर आला. ‘मारिआनबाद’ या सिनेमातली ती पिसांच्या पोशाखातली पुतळ्यासारखी बाई हातात कॅमेरा घेऊन हे विचारते आहे! अशा मालिकेत पहिल्या दिवशी हा दाखवावा, मग बाकीचे खुशाल पुरुषांचे दाखवा.

रीळवाला

फिल्म क्लब चालवतो, म्हणून जरा व्यवहाराचं बोलतो, राग मानू नका.

दहा खेळांची मालिका म्हणजे दहा हक्कदार, दहा पत्रव्यवहार. हॉल भरायचा तर दनव, बार्दो, मोरो अशा नट्या लागतात. नव्याने साफ केलेली प्रत असेल तर थेटर ती लावतं, नसेल तर कितीही थोर असो, राहून जातो. कोणते आधी साफ होतात? ज्यांना आधीच मागणी आहे ते. ओद्रीचा ‘ऑलिव्हिया’ डागडुजी होऊन पुन्हा बाहेर आला तो अगदी अलीकडे, तोवर दाखवायचा तर दाखवणार काय? हे चक्र कुणी एकट्या थेटरवाल्याने सुरू केलेलं नाही.

माझा अनुभव असा की मोरोसाठी आलेल्या शंभरांतले दहा-पंधरा पुढच्या वेळी ‘हिने स्वतः काही दिग्दर्शित केलंय का’ असं विचारतात. केलंय, दोन कथापट, १९७६ आणि १९७९. ‘व्हिव्र सा व्ही’च्या नायिकेने, आना कारिनानेही १९७३मध्ये एक केला. पण पहिल्याच दिवशी तेच लावलं तर मी, माझी बायको आणि प्रोजेक्टरवाला एवढेच बसू.

तिरकसराव

रीळवाले, तुमची बायको तरी शेवटपर्यंत बसते का?

कातरकाम

रीळवाला, पन्नास वर्षं हेच ऐकतोय. आधी गर्दी, मग न्याय. मग म्हणजे कधी?

ते जाऊ द्या. सावनी, ‘क्लेओ’बद्दल तू एक ओळही लिहिली नाहीस. तुझ्या बाजूचा एकमेव साक्षीदार, त्यालाच उभं केलं नाहीस!

सावनी_पॅरिस

खरंय, रागाच्या भरात राहूनच गेलं.

‘पाच ते सात’ ही फ्रेंचमध्ये चोरून भेटायची वेळ. ऑफिस सुटल्यावर आणि घरी पोहोचायच्या आधी. म्हणजे शीर्षक वाचून माणूस वेगळ्याच अपेक्षेने आत जातो, आणि समोर येते कॅन्सरच्या तपासणीचा निकाल यायची वाट बघणारी गायिका. पहिला अर्धा भाग तिच्याकडे सगळे बघतायत: आरसे, टोपीचं दुकान, प्रियकर, संगीतकार. मग ती एक गाणं म्हणते, म्हणता म्हणता कॅमेरा जवळ येतो, मागचं सगळं काळं होतं. गाणं संपल्यावर ती केसांचा टोप उपटून फेकते, काळा झगा घालून रस्त्यावर येते. तिथून पुढे ती बघते. कॅफेतले लोक, बेडूक गिळणारा माणूस, बागेत भेटलेला अल्जीरियाच्या लढाईवर परत निघालेला शिपाई. पॅरिस तेच, फक्त बघणारी बदलली.

‘व्हिव्र सा व्ही’ त्याच वर्षीचा. आना कारिना त्यात रडते तेव्हा मीही रडले, काका, खोटं नाही सांगत. पण तिथे आपण शेवटपर्यंत तिच्याकडेच बघतो. तिला घरभाडं भरता येत नाही म्हणून सगळं घसरत जातं. १९६५चा कायदा येईपर्यंत इथल्या विवाहित बाईच्या नोकरीला नवरा हरकत घेऊ शकत होता, स्वतःच्या नावाने बँकेत खातं उघडायलाही त्याची संमती लागायची. गोदारच्या सिनेमात तिची मान, तिचे डोळे, तिची सिगारेट आहे. हे नाही.

जुना_पंखा

भाड्याचे पैसे नाहीत हे दाखवलंय की! घराची किल्ली मिळत नाही तो प्रसंग विसरलात? रेकॉर्डच्या दुकानात ती दोन हजार फ्रँक उसने मागत फिरते तो? कायद्याचं कलम वाचून दाखवत नाही एवढंच.

वार्दाबद्दल मात्र वाद नाही. क्लेओ पाहून बाहेर आलो तेव्हा आमच्या सोसायटीतला एक जण म्हणाला होता, सात वाजलेच नाहीत, साडेसहालाच सिनेमा संपला, अर्ध्या तासाचे पैसे परत द्या.

विंगेतून

‘कास्क दॉर’चा शेवट कुणीच काढला नाही म्हणून काढतो. प्रियकराला गिलोटिनवर नेणार, ते दिसावं म्हणून नायिका सिमोन सिन्योरे समोरच्या घरात रात्रभरासाठी खोली घेते. खिडकीत बसते. सुरी पडते तेव्हा बेकर आपल्याला तिचा चेहरा दाखवतो, मान खाली जाते एवढंच. आता ते दृश्य बेकरचं, सिन्योरेचं, की सुरी पडण्याच्या नेमक्या क्षणी फिल्म कापणाऱ्या मार्गरित रेन्वारचं?

कातरकाम

शेवटचा प्रश्न पगाराच्या दिवशी विचारा, लगेच उत्तर देते.

सावनी_पॅरिस

‘मादाम द...’चा शेवटचा खेळ उद्या रात्री आठला आहे. मी जाणार नव्हते, आता व्हिलमोरँसाठी जाते. माहितीपत्रकं काउंटरवर पडलेली असतात, त्यावर पेनाने सहा संकलक आणि व्हिलमोरँ अशी सात नावं लिहून ठेवायचा विचार आहे. कातरकाम, कोत्रेचं फ्रेंच स्पेलिंग नीट पाठवा, तिथल्या काउंटरवरच्या आजी चुका खपवून घेत नाहीत.