प्रतिसाद : सगळ्या डोक्याला शेक द्यावाच लागतो असं नाही

वर कुणीतरी लिहिलंय, ‘मेंदूत कॅन्सर पसरला की सगळ्या डोक्याला शेक (म्हणजे रेडिएशन, किरणोपचार), केस जाणार, आठवण जाणार.’ सरसकट तसं नाही. गाठी मोजक्या आणि लहान असतील, तर फक्त त्यांच्यावरच नेम धरून किरण देतात. याला रेडिओसर्जरी म्हणतात. नावात सर्जरी असली तरी सुरी कुठेच नाही.

आमच्या फोंड्याच्या आतेला स्तनाचा कॅन्सर होता, मग मेंदूत तीन गाठी निघाल्या. कोकणकन्येने मुंबईला नेली. प्लॅस्टिकची जाळी गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर दाबून बसवली, थंड झाली की कडक. डोकं तसूभरही हलता कामा नये, म्हणून हा खटाटोप. अंबाडा मात्र सोडायला लावला, त्यावर ती जास्त कुरकुरली! बाहेर आली तेव्हा कपाळावर जाळीचे चौकोन उमटलेले. केस शाबूत. पुढच्या चवथीला अबोलीची फाती माळून बसली होती.

डोसाचा हिशेब असा: सगळ्या मेंदूला साधारण ३० ग्रे (ग्रे म्हणजे किरणांचा डोस मोजायचं माप), तेही १० दिवसांत वाटून. रेडिओसर्जरीत दोन सेंटिमीटरपर्यंतच्या गाठीला एकाच बैठकीत २० ते २४ ग्रे. गाठ मोठी तसा डोस कमी.

पण उरलेल्या मेंदूला किरण मिळत नाहीत, म्हणून नव्या गाठी येऊ शकतात. दर दोन-तीन महिन्यांनी एमआरआय चुकवू नका. काही महिन्यांनी जुन्या जागी सूज दिसली तर ती गाठच असेल असंही नाही. किरणांनी मेलेल्या पेशीही तशाच दिसतात. आतेच्या वेळी आम्ही उगाच आठवडाभर झोपलो नव्हतो.